तंबाखूचं रान आणि गाव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर सोडून बंगळूरच्या वाटेला लागलं की चाळीसेक किलोमीटरवर निपाणी येते. हिवाळा सरत आला की इथल्या रानांत कापलेली तंबाखू आडवी वाळत पडलेली असते आणि गावात शिरताना वास नाकाला झोंबतो. मी याच पट्ट्यात वाढले. शाळेतल्या मुली, बचत गटातल्या बायका, पुण्या-मुंबईचे पाहुणे यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकले, ते इथे उत्तरांसह मांडले आहेत.

तंबाखू म्हटलं की कॅन्सर आठवतो. पण तंबाखूच्या शेतीने गावाचं काय बिघडतं? तेही एक पीकच आहे ना?

पीक आहे, पण घरात न येणारं. ज्वारी पिकली आणि भाव पडला, तर शेतकरी ती कणगीत ठेवतो, वर्षभर भाकरी खातो, कडबा जनावरांना घालतो, चार पायल्या शेजाऱ्याला उसन्या देतो. भुईमूग, तूर, मका, सगळ्यांचं तेच. तंबाखूचं पान माणसाच्या पोटाला चालत नाही आणि जनावरही त्याला तोंड लावत नाही. म्हणून तर तंबाखूच्या रानाला कुंपण लागत नाही. शेतकऱ्याला याचं कौतुक वाटतं, पण खरी अडचणही इथेच सुरू होते. ज्या मालाचा घरात काडीचा उपयोग नाही तो विकावाच लागतो, आणि विकत घेणारे मोजके असले की दर तेच ठरवतात. पुढच्या बहुतेक उत्तरांचं मूळ या एका गोष्टीत आहे.

निपाणीतच एवढी तंबाखू का?

काळी जमीन, बेताचा पाऊस आणि थंडीतलं दव यांमुळे. विडीच्या तंबाखूचे देशात दोन मोठे पट्टे आहेत : गुजरातेत आणंद आणि खेडा जिल्ह्यांचा चरोतर आणि आपल्याकडे निपाणीचा. निपाणीच्या पट्ट्यात बेळगाव जिल्ह्यातले चिकोडी, हुक्केरी हे तालुके येतात आणि हद्दीच्या अलीकडचे कागल, गडहिंग्लजही. १९५६ साली राज्यांची सीमा या पट्ट्याच्या मधून गेली. निपाणी मराठी बोलणारी राहिली, पण राज्य वेगळं झालं. त्यामुळे एकाच व्यापाऱ्याला माल घालणारे दोन भाऊबंद दोन सरकारांकडे दाद मागत राहिले.

तंबाखू मुळात पोर्तुगिजांबरोबर आली. अकबराच्या दरबारचा असद बेग विजापूरला आला होता, तेव्हा त्याला आदिलशाहीच्या राजधानीत तंबाखू दिसली आणि ती त्याने बादशहाला नेऊन दाखवली. म्हणजे सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ती आपल्या शेजारी पोचलेली होती.

पैसा बरा मिळतो म्हणूनच लोक लावतात ना? मग तक्रार कसली?

पैसा एकरकमी मिळतो. कोरडवाहू रानात, विहिरीला पाणी नसताना, लेकीच्या लग्नाला किंवा घराच्या कौलांना पुरेल एवढी रक्कम एका वेळी हातात आणणारं दुसरं पीक फार वर्षं नव्हतंच. ज्यांनी लावली त्यांनी हिशेब करूनच लावली. त्यांना दोष देणं मला पटत नाही.

मात्र त्या रकमेवर कुणाकुणाचा हात पडतो ते पाहा. ऑगस्टच्या आसपास तरू, म्हणजे तंबाखूची रोपं, लावायचा. बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून जास्त दाणे बसतात, त्यामुळे तरू तयार करणं हेच नाजूक काम, आणि पुष्कळ जण तो विकतच घेतात. मग कोळपण्या, खत, शेंडा खुडणं, बगलेतले फुटवे पुन्हा पुन्हा काढणं. पौष-माघात कापणी, रानात वाळवणं, झोडणं, चाळणं. एवढ्या कामाला घरचे हात पुरत नाहीत, मजूर लागतात, आणि मजुरी रोख द्यावी लागते. ती कुठून आणायची? ज्याला माल घालायचा त्याच्याकडूनच उचल घ्यायची. उचल घेतली की दर विचारायचं तोंड राहत नाही.

१९८० च्या आधीच्या गोष्टी घराघरांत ऐकायला मिळतात. व्यापाऱ्याचा माणूस खळ्यावर यायचा, मूठभर जर्दा, म्हणजे वाळलेली तंबाखू, हातावर घ्यायचा, चुरगाळून वास घ्यायचा आणि प्रत ठरवायचा. त्याच्या म्हणण्यावर अपील नव्हतं. बोद, म्हणजे तंबाखू भरायचं मोठं पोतं, काट्यावर चढलं की धूळ, ओल, नमुना अशा नावांनी वजन कापलं जायचं. हातात कच्ची चिठ्ठी पडायची, आणि पैसे कधी दिवाळीला, कधी पुढच्या हंगामात, तेही तुकड्या-तुकड्याने. शेतकऱ्याने आपला माल उधार द्यायचा आणि स्वतःच्याच पैशासाठी वखारीच्या पायरीवर बसायचं. माणसाचा ताठा मोडायला एवढं पुरेसं असतं.

आज काटे बदलले, फोनवर दर कळतो, पण उचलीची गाठ पुरती सुटलेली नाही. केंद्राच्या हमीभावाच्या यादीत तंबाखू नाही. गुंटूरला मुख्यालय असलेलं तंबाखू मंडळ १९७६ साली सुरू झालं, पण त्याचं लिलावाचं काम सिगारेटच्या तंबाखूपुरतं आहे. विडीची तंबाखू त्यात येत नाही.

१९८१ ला निपाणीत नेमकं काय झालं होतं?

शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने चाकणच्या कांद्यानंतर हाती घेतलेल्या मोठ्या आंदोलनांपैकी हे एक. निपाणीतून प्रा. सुभाष जोशी पुढे होते. मार्च १९८१ च्या मध्याला हजारो शेतकरी बैलगाड्या, बायका-पोरं आणि भाकरीची गाठोडी घेऊन पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले. मागणी साधी होती : तंबाखूला रास्त भाव. तीन आठवड्यांहून जास्त दिवस महामार्ग अडलेला होता. रस्त्यावरच चुली पेटल्या. तेव्हा कर्नाटकात आर. गुंडूराव मुख्यमंत्री होते. ६ एप्रिलला पोलिसांनी आंदोलकांना उठवायला सुरुवात केली आणि गोळीबार झाला. १२ शेतकरी मेले.

या पट्ट्यातल्या साठी ओलांडलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, त्या दिवशी तो कुठे होता हे तो सांगतो. व्यापाऱ्यापुढे एकेकट्याने हात जोडणारी माणसं त्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा एकत्र बसली होती. कोणत्या गावचा, कुठल्या जातीचा, कर्नाटकचा की महाराष्ट्रचा, हे सगळं काही दिवस बाजूला पडलं. जीव गेले, पण नंतर काट्यापाशी उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याचा आवाज पूर्वीसारखा राहिला नाही.

वखारीत काम करणाऱ्या बायकांबद्दल कुणी बोलत नाही. त्यांचं काय?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, म्हणून याचं उत्तर थोडं सविस्तर देते.

रानातून आलेला माल वखारीत येतो. तिथे तो झोडायचा, काडी आणि पान वेगळं करायचं, वेगवेगळ्या चाळण्यांतून चाळायचं, प्रतवारी लावायची. माल रचून ठेवला की तो आतून ऊब धरतो. त्या रचलेल्या ढिगाला चाकी म्हणतात. ही सगळी कामं बायका करतात. हवेत तंबाखूची धूळ इतकी असते की नवख्या माणसाला पाच मिनिटं उभं राहवत नाही. शिंका, ठसका, डोळ्यांतून पाणी. तोंडाला पदर गुंडाळून बायका दिवसभर त्यातच बसतात. ज्यांना घरी ठेवायला कुणी नाही त्यांची तान्ही पोरं तिथेच पोत्यावर झोपवलेली असत. संध्याकाळी घरी गेल्यावरही केसांतला, लुगड्यातला वास जात नाही. लग्नाकार्यात आपल्याशेजारी कुणी बसत नाही असं मला एका मावशींनी सांगितलं होतं. मजुरी कमी असल्यापेक्षा त्यांना ते जास्त लागलेलं होतं.

१९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीत तंबाखू आणि विडीचा धंदा पहिल्यापासून होता. तरी निपाणीच्या वखारींतल्या बायकांना त्या कायद्याचं नाव कळायला तीस वर्षं लागली. १९८० च्या आसपास चिकोडी तालुका कामगार महासंघाच्या झेंड्याखाली त्या संघटित झाल्या. याही कामात सुभाष जोशी होते. किमान वेतन, ठरलेले तास, मुकादमाच्या लहरीवर काम न जाणं, अशा त्यांच्या मागण्या होत्या. पहिल्या सभांना बायका चोरून यायच्या, कारण नाव कळलं तर दुसऱ्या दिवशी वखारीचं दार बंद. नंतर त्यांनी मोर्चे काढले, संप केले.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. शेतकऱ्याचं आंदोलन पुस्तकांत आलं, वखारीतल्या बाईचं तळटीपेत राहिलं. पण गावात आज ज्या घरातली मुलगी नर्स झाली, शिक्षिका झाली, त्या घरात बऱ्याचदा आई किंवा आजी वखारीत होती, आणि त्या संपांनंतर वाढलेल्या मजुरीवर ती मुलगी शिकली.

देवदासी आणि तंबाखूचा संबंध काय?

सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या मुलींची संख्या या सीमाभागात मोठी होती. त्यांच्या नावावर जमीन नाही, नवरा नाही, माहेरचा आधार तुटका. अशा बाईला रोज रोख मजुरी देणारं ठिकाण म्हणजे वखार. त्यामुळे वखारींतल्या कामगारांत देवदासी पुष्कळ होत्या, आणि कामगारांच्या संघटनेतून त्यांचेही प्रश्न पुढे आले. कर्नाटकाने देवदासी प्रथेला बंदी करणारा कायदा १९८२ साली केला. एकट्या बाईचं नाइलाजाचं काम ही वखारीची ओळख मात्र त्यानंतरही बराच काळ पुसली गेली नाही.

तंबाखूत काम केलं की आईला मळमळतं, उलट्या होतात. ती म्हणते पित्त आहे. खरंच पित्त असतं का?

असेलही, पण आधी पानावर संशय घ्या. तंबाखूच्या ओल्या पानातलं निकोटीन दवात, पावसाच्या पाण्यात, घामात विरघळतं आणि कातडीतून अंगात जातं. मग काही तासांत मळमळ, उलटी, चक्कर, डोकेदुखी, पोटात कळा, गळून जाणं. बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं, म्हणून दवाखान्यात कुणी जात नाही. ऊन लागलं, पित्त झालं, नजर लागली असं म्हणून दिवस काढतात.

पानांवरचं दव सुकल्यावरच पानाला हात लावायचा. पूर्ण बाह्यांचा जुना सदरा, रबरी हातमोजे, पुढून प्लास्टिकचा कागद बांधायचा. भिजलेले कपडे अंगावर वाळू द्यायचे नाहीत. जेवणाआधी हात साबणाने, नुसत्या पाण्याने नाही. उलट्या थांबत नसतील, छातीत धडधडत असेल, तर डॉक्टरकडे जा आणि त्यांना स्वतःहून सांगा की तंबाखूत काम केलं आहे. ते विचारतीलच असं नाही.

गरोदर बाईने हे काम करूच नये. निकोटीन वारेतून बाळापर्यंत पोचतं. घरातल्या मोठ्यांनी ही गोष्ट मनावर घ्यायला हवी, कारण सुनेला स्वतःहून “मी येत नाही” म्हणणं अवघड जातं.

या भागात बायकाही मिश्री लावतात. त्याचा या कामाशी संबंध आहे का?

मिश्री महाराष्ट्रभर लावतात, तंबाखू न पिकणाऱ्या गावांतही. पण इथे ती घरातच असते, फुकट मिळते, आणि आणखी एक कारण आहे. ज्याच्या शरीराला तंबाखूची सवय आहे त्याला ओल्या पानांचा त्रास कमी जाणवतो. काम सुसह्य व्हावं म्हणून बाई मिश्रीकडे वळते, मग दातदुखीला, भूक मारायला, सकाळी पोट साफ व्हायला तीच. लहान मुलींच्या बोटालाही ती लागते. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरताना आढळले. ज्या घरात तिचा ढीग पडलेला असतो तिथे “तंबाखू वाईट” हे पोरांना पटवणं किती जड जातं, ते शिक्षकांना विचारा.

पोरांच्या शाळेवर परिणाम होतो का?

होतो, आणि तो हजेरीपटावर दिसतो. खुडणीच्या आणि कापणीच्या दिवसांत वर्ग विरळ होतात, त्यात मुली आधी गळतात. मोठी मुलगी रानात गेली नाही तरी धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहते. २०१६ च्या कायदादुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला शाळा सुटल्यावर घरच्या कामात हात लावायची मुभा आहे, पण धोक्याच्या कामात नाही. आईबापांना तंबाखूचं पान धोक्याचं वाटत नाही, कारण त्यांनीही लहानपणी तेच केलं. लहान अंगाला निकोटीन लवकर लागतं, ही गोष्ट पालकसभेत सांगितली की लोक ऐकतात. रागवून सांगितली की ऐकत नाहीत.

सिगारेटची तंबाखू पिकवणारी गावं वेगळी असतात का?

त्रासाची तऱ्हा वेगळी. म्हैसूर जिल्ह्यात हुणसूर, पिरियापट्टण, आणि आंध्रात प्रकाशम, नेल्लूरकडे ही तंबाखू होते. तिथे पान भट्टीघरात गरम हवेने सुकवतात, त्याला लाकूड लागतं, आणि आसपासची झाडी त्यात जाते. शेतकरी तंबाखू मंडळाकडे नोंदलेला असतो, माल लिलावात जातो. आपल्याकडचे लोक म्हणतात, तसा लिलाव आम्हाला असता तर! पण लिलाव असूनही खरेदीदार मोजकेच राहतात. २०१५ साली भाव कोसळला तेव्हा प्रकाशममध्ये तंबाखू शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. भट्टीघर बांधायला काढलेलं कर्ज पीक सोडू देत नाही. निपाणीचा शेतकरी निदान तेवढ्या बाबतीत मोकळा आहे.

सरकार तंबाखूवर बंदी का घालत नाही?

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, २००३ चा केंद्राचा कायदा जाहिरात, विक्री आणि सार्वजनिक धूम्रपान यांवर बोलतो. पिकवण्याबद्दल तो गप्प आहे. भारताने २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराला मान्यता दिली. त्याच्या १७ व्या कलमात तंबाखू पिकवणारे आणि त्यात राबणारे यांना दुसरं किफायतशीर काम मिळवून द्यायची गोष्ट आहे. मला विचाराल तर आधी हे कलम गावात यायला हवं, मग बंदीची भाषा. देशाच्या पेरणीखालच्या जमिनीत तंबाखूचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. एवढ्या शेतकऱ्यांना दुसरी वाट काढून देणं अशक्य नाही.

दुसरं पीक परवडतं का? शहरातले लोक सहज म्हणतात, “सोडून द्या.”

ज्याच्या रानात पाणी आलं त्याने कुणी न सांगता सोडली. वेदगंगा-दूधगंगेच्या काठाला ऊस उभा आहे, निपाणीत साखर कारखाना आहे. माळावर सोयाबीन, त्यामागे हरभरा, आणि दावणीला दोन म्हशी, हे गणित बऱ्याच घरांनी बसवलं. दुधाचे पैसे दहा-पंधरा दिवसांनी येतात, बहुधा बाईच्या हातात येतात, आणि वैरण घरच्या रानातली. तंबाखूचे पैसे वर्षातून एकदा, पुरुषाच्या हातात. घर कसं चालतं यात या फरकाने फार बदल होतो.

अडचण उरते ती पाणी नसलेल्यांची आणि वाट्याने रान करणाऱ्यांची. रानमालक रोख मागतो, सोयाबीनचा भाव कधी हमीभावाखाली जातो, आणि कोरड्या वर्षी तंबाखू तग धरते. अशा शेतकऱ्याला उपदेश करून उपयोग नाही. त्याला बांधावरचं शेततळं, वेळेवर पीककर्ज आणि गावाजवळ हमीभावाने खरेदी करणारं केंद्र द्या. उचल घ्यावी लागली नाही की तो स्वतः ठरवेल.

शेतकरी दुसरीकडे वळला, तर वखारीतल्या बायकांचं काय?

त्यांचं काम जातं. ते गेलंच आहे, पुष्कळ ठिकाणी. उसाची तोड टोळ्या करतात, सोयाबीनची मळणी यंत्र करतं. वखारीत चाळणी मारणाऱ्या पंचावन्न वर्षांच्या बाईला रानात कुणी बोलवत नाही. काही जणी घरी विड्या वळतात, काही कागलच्या औद्योगिक वसाहतीत झाडलोटीला जातात. पर्यायी पिकाच्या योजनेत जमीन असणाऱ्याचं नाव असतं, हिचं नाव कुठल्याच कागदावर नसतं. सोलापुरात विडी कामगार बायकांनी लढून कुंभारीला दहा हजार घरं मिळवली, २००६ साली चाव्या हातात आल्या. आमच्याकडच्या बायकांचीही तीस-तीस वर्षं धुळीत गेली आहेत. पर्यायाचा पहिला रुपया त्यांच्या पेन्शनवर आणि छातीच्या तपासणीवर खर्च व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

तंबाखू सोडायची ठरवली आहे. त्या रानात पहिल्या वर्षी काय लावू?

रानात बंबाखू उगवते का ते आधी आठवा. तंबाखूच्या मुळांवर जगणारं ते तण. त्याचं बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं आणि टोमॅटो, वांग्यालाही धरतं. तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं ही पिकं टाळा. ज्वारी किंवा सोयाबीन घ्या, शेणखत भरपूर घाला, कारण तंबाखू जमीन ओढून घेते. बंबाखूचा कोंब दिसला की फुलायच्या आत उपटून जाळा, बांधावर टाकू नका. आणि ज्वारी लावलीत तर कडबा विकू नका, पहिल्या वर्षी तरी दावणीलाच राहू द्या.